‘मी फक्त विचारलं’ म्हणून सुटका का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने बहिणीला फोनवर विचारलं, "अजून निघाली नाहीस?" ती उखडली. "अगं, मी फक्त विचारलं," म्हटल्यावर तर आणखीच उखडली. कामाच्या ठिकाणीही तीच गत. सहकाऱ्याला "रिपोर्ट झाला का?" म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. ‘स्पीच ॲक्ट’ आणि ‘स्पीच जॉनर’ या दोन संज्ञा त्यांच्या वाचनात आल्या आहेत. या दोन्हींत फरक काय आणि असल्या प्रसंगांत त्यांचा काही उपयोग होतो का, हे त्यांना हवं आहे.

उपयोग होतो. फक्त बहुतेक पुस्तकं ज्या क्रमाने शिकवतात त्याच्या उलट्या क्रमाने होतो, असं माझं मत आहे. मी गेली एकवीस वर्षं हेल्पलाइनवरची आणि कार्यालयांतली संभाषणं ऐकून शब्दशः उतरवते आणि त्यांच्या आधारे लोकांना शिकवते. श्वास, अडखळणं, मधली शांतता सगळं कागदावर येतं. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ऐकणारा माणूस वाक्य ऐकून मग त्यामागचा हेतू शोधत बसत नाही. ‘हे काय चाललंय’ हे तो आधी ठरवतो आणि आलेलं वाक्य त्यात बसवतो. भांडण त्या ठरवण्यावरून होतं, शब्द नंतर पुरावा म्हणून कामी येतात.

तरी सुरुवात वाक्कृतीपासून, म्हणजे स्पीच ॲक्टपासून करू, कारण ते सोपं आहे. ही कल्पना ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांची. त्यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेली व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ साली पुस्तकरूपाने आली. बोलताना आपण दर वेळी जगाचं वर्णन करत नसतो, पुष्कळदा काहीतरी करत असतो, हे त्यांचं म्हणणं. ‘मी राजीनामा देतो’ हे खरं की खोटं, असं कुणी विचारत नाही. योग्य माणसाने योग्य ठिकाणी म्हटलं की राजीनामा होतो, नाहीतर फसतो. पुढे ऑस्टिन यांनी हे सगळ्याच बोलण्याला लागू केलं आणि तीन थर वेगळे काढले. "गाडी आली" एवढंच घ्या. हे शब्द तोंडातून निघाले आणि त्यांचा अर्थ कळला, हा पहिला थर. ते बोलून मी सावध केलं, माहिती दिली की ‘आटप आता’ अशी घाई केली, हा दुसरा. ऐकून तुम्ही मागे सरकलात की वैतागलात, हा तिसरा. वाक्कृतीचा गाभा दुसऱ्या थरात असतो. तिसरा थर बोलणाऱ्याच्या हातात नसतो, आणि ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य या दोन थरांमधल्या फटीतून बाहेर येतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९७०च्या दशकात वाक्कृतींची पाच कुळं पाडली: सांगणं, करायला लावणं, स्वतःला बांधून घेणं, मनातलं व्यक्त करणं आणि घोषणेने परिस्थितीच बदलून टाकणं. परीक्षेत पाचही विचारतात. रोजच्या कामात मला तिसरंच सगळ्यात जास्त लागतं, म्हणून तिथे जरा थांबते.

स्वतःला बांधून घ्यायचं तर वाक्यात ‘मी’ लागतो. "मी शुक्रवारपर्यंत करतो" म्हणणारा अडकला. "होईल शुक्रवारपर्यंत" यात काम आपलं आपण होणार आहे, बोलणारा नुसता शेजारी उभा आहे. "होऊन जाईल" यात तो तिथून निघूनही गेला. "करायला हवं" हे झालं मत. "बघतो" म्हणजे थोडीफार हालचाल, आणि "बघू" हा पुष्कळदा सभ्य नकार. हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही शिकवावं लागत नाही. तरीही बैठकीच्या इतिवृत्तात या सहाही वाक्यांची नोंद एकाच शब्दात होते: ‘मान्य’. मग काही आठवड्यांनी ‘तुम्ही कबूल केलं होतं’ आणि ‘मी कधी कबूल केलं’ अशी जुंपते. यात खोटं कुणीच बोलत नसतं. म्हणून मी एक सवय लावते. "होईल" ऐकलं की तिथल्या तिथे, हसत का होईना, विचारायचं: "म्हणजे तुम्ही करताय ना?" त्यावर येणारं उत्तर, किंवा न येणारं उत्तर, इतिवृत्तात लिहायचं.

माफीचंही असंच. "चुकलो" यात माणूस आहे. "चूक झाली" यात फक्त चूक आहे, पाऊस पडावा तशी पडलेली. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात चूकही नाही, फक्त ऐकणाऱ्याच्या नाजूक मनाची नोंद आहे. तिन्हींना आपण माफी मागणंच म्हणतो आणि मग ‘माफी मागितली तरी हिचा राग जात नाही’ म्हणून कपाळाला हात लावतो.

थोडं अवांतर. ऑस्टिन यांची ठळक उदाहरणं प्रथमपुरुषी वर्तमानकाळातली आहेत: मी वचन देतो, मी पैज लावतो. मराठी हे काम भूतकाळी रूपानेही उरकते. "हरलो बुवा!", "मानलं तुला!", "जा, माफ केलं." यातलं काहीही आधी घडून गेलेलं नसतं, म्हणताक्षणी घडतं. आणि निरोप घेताना आपण म्हणतो "येतो", करतो मात्र जाण्याची कृती. मराठी नव्याने शिकणारा कुणी ते ऐकून दार उघडं ठेवून बसला तर दोष त्याचा नाही.

आता खरी अडचण. शब्दांकडे बघून कृती कळेलच असं नसतं. "पंखा फार जोरात फिरतोय" हे व्याकरणाने विधान आहे आणि कामाने विनंती. सर्ल यांनी १९७५ मध्ये अशा आडवळणी कृतींवर वेगळा लेख लिहिला. संस्कृत काव्यशास्त्राला मात्र हे फार आधीपासून माहीत होतं. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा उदाहरणाला घेतली आहे. तिच्यातली स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते, आता खुशाल हिंड, तुला त्रास देणारा तो कुत्रा नदीकाठच्या झाडीतल्या सिंहाने आज मारून टाकला. ती तिची प्रियकराला भेटायची जागा आहे, त्याने तिथे फिरकू नये अशी तिची इच्छा आहे. वाच्य, म्हणजे शब्दांतला, अर्थ परवानगीचा; व्यंग्य, म्हणजे सूचित, अर्थ मनाईचा. एकाही निषेधाच्या शब्दाशिवाय पुरता निषेध.

मग ऐकणाऱ्याला हे कळतं कशावरून? ‘संदर्भावरून’ हे उत्तर बरोबर आहे आणि निरुपयोगीही. संदर्भात सगळंच येतं. इथे दुसरी संज्ञा लागते.

रशियन विचारवंत मिखाईल बाख्तीन यांनी १९५२-५३ मध्ये, रशियातल्या सारान्स्कला शिकवत असताना, स्पीच जॉनरवर एक निबंध लिहिला. तो पुस्तकात छापून आला १९७९ मध्ये, तेव्हा बाख्तीन हयात नव्हते. आपण शब्दाला शब्द जोडून बोलत नाही, तयार साच्यांत बोलतो, हे त्यांचं म्हणणं. मायबोलीचं व्याकरण जसं नकळत अंगवळणी पडतं तसेच हे साचेही पडतात. दोन-चार शब्द कानावर पडताच ऐकणारा साचा ओळखतो. हे बोलणं किती लांबेल, कशाने संपेल, आपण केव्हा तोंड उघडायचं, याचा अंदाज त्याला तिथेच येतो. भाषेवर पकड असलेला माणूस एखाद्या ठिकाणी मुका का होतो, याचं उत्तरही त्यांनी यातच दिलं आहे. तासभर व्याख्यान देणारा विद्वान चार जणांच्या गप्पांत अवघडतो, तेव्हा त्याच्याकडे शब्द कमी नसतात. त्याला तो साचा येत नसतो.

तर फरक असा. वाक्कृती एका बोलण्याची असते. संवादप्रकार, म्हणजे स्पीच जॉनर, अख्ख्या प्रसंगाचा असतो, आणि त्यात कुणी कुणाला काय विचारायचं, किती खोलात जायचं, कधी थांबायचं, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. एकच वाक्य प्रकार बदलला की वेगळं काम करतं.

मराठीत या प्रकारांची नावं फार नेमकी आहेत. मी तर वर्गात परदेशी संज्ञा फळ्यावर लिहायच्या आधी ही नावंच लिहिते. नुसतं विचारण्याचं बघा: विचारपूस, चौकशी, तगादा, उलटतपासणी, झाडाझडती. "कुठे होतास इतका वेळ?" हे वाक्य या पाचही ठिकाणी जसंच्या तसं चालतं. विचारपुशीत उत्तर लांबलं तरी चालतं, टाळलं तरी कुणी मागे लागत नाही, कारण हवा असतो तो माणूस. चौकशीत माहिती हवी असते, ती मिळाली की प्रकरण मिटलं. तगाद्यात माहिती दोघांनाही असते. काम झालेलं नाही हे ठाऊक असूनच ‘झालं का’ विचारलं जातं. उलटतपासणीत प्रत्येक उत्तराच्या पोटातून पुढचा प्रश्न निघतो, म्हणून ऐकणारा उत्तरं आखूड करत जातो. आणि झाडाझडतीत उत्तर नकोच असतं. दिलंच तर ‘वर तोंड करून बोलतोस’ असं होतं, आणि गप्प राहिलं तर ‘आता का दातखीळ बसली?’ पाच प्रकार, पाच वेगळी उत्तरं, वाक्य मात्र एक.

ही चूक नेहमी रुसव्याफुगव्यावरच निभावते असं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात एका माणसाने आपत्कालीन सेवेला फोन करून घरातल्या आजारी स्त्रीसाठी रुग्णवाहिका मागितली. पत्ता दिला, सूरही सभ्य होता. काय होतंय, असं पलीकडून विचारलं गेलं. ते माहीत असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता, अशा अर्थाचं त्याचं उत्तर. फोन परिचारिकेकडे गेला, प्रश्न वाढले, त्याचा तोल गेला, शिवी आली. मग काही वेळ वाद शिवीवरच चालला. रुग्णवाहिका निघायला उशीर झाला आणि ती पोहोचली तेव्हा ती स्त्री गेलेली होती. जॅक व्हॅलन, डॉन झिमरमन आणि मॅरिलिन व्हॅलन या संशोधकांनी १९८८ मध्ये या एकाच संभाषणाचं ओळीओळीने केलेलं विश्लेषण प्रसिद्ध केलं.

परिचारिका निष्ठुर होती किंवा फोन करणारा उद्धट होता, एवढ्यावर त्यांनी ते सोडलं नाही, म्हणून ते आजही वाचण्यासारखं आहे. ती दोघं एकाच प्रकारात नव्हती. त्याच्या लेखी पत्ता दिला तिथे मागणी नोंदवून झाली होती, आता गाडी निघायला हवी. तिच्या लेखी गाडी पाठवायची की नाही हे ठरवण्याची तपासणी आत्ता कुठे सुरू होत होती. तिचा प्रत्येक प्रश्न तिच्या दृष्टीने मदतीकडे नेणारी पायरी होता आणि त्याच्या दृष्टीने वाटेत टाकलेला दगड. तो दगड आहे म्हटल्यावर त्याने लाथ मारली. मग तिलाही दिसली ती फक्त लाथ.

माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणांत याची सौम्य रूपं रोज भेटतात. एक नमुना, ओळखीच्या खुणा काढून:

"तीन आठवडे झाले हो, कुणी दखलच घेत नाही."
"आपला अर्ज क्रमांक सांगा."
(दोन सेकंद शांतता)
"तुम्ही ऐकताय का मी काय म्हणतोय ते?"
"हो सर, क्रमांक सांगा."

पलीकडचा माणूस गाऱ्हाणं सांगतोय, अलीकडची मुलगी नोंद करतेय. तिने काही वावगं म्हटलेलं नाही, ‘सर’ही म्हटलं आहे. पण गाऱ्हाण्याला उत्तर म्हणून आधी दखल लागते, मग क्रमांक. "तीन आठवडे म्हणजे फारच झाले. क्रमांक सांगा, कुठे अडकलंय बघते." एवढं म्हटलं की तोच माणूस निमूट क्रमांक सांगतो. प्रश्न धारदार असतील तर आणखी एक वाक्य लागतं: "तुमच्या बोलण्यावर शंका म्हणून नाही, अर्ज शोधायला लागतं म्हणून विचारते." पुढे येणाऱ्या प्रश्नांना दिलेलं ते नाव आहे. माझ्या शिकवण्यातला अर्धा भाग या एका वाक्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा आहे म्हटलं तरी चालेल.

घरीदारी आपण हे न शिकता करतो. "सहज केला फोन" म्हणजे प्रकार जाहीर केला: काम नाही, वाईट बातमी नाही, उचलल्याबद्दल पस्तावू नका. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच दाखवलं होतं की बऱ्याच बोलण्याचं काम माहिती देणं नसून माणसं जोडून ठेवणं हे असतं. ‘सहज’ हा त्याचा मराठी शिक्का. तो मारायला विसरलं तर काय होतं हे मी स्वतःवरून सांगू शकते. एकदा संध्याकाळी उशिरा एका नव्या सहकारी मुलीला मी मेसेज टाकला: "वेळ मिळाला की फोन करा." दोन मिनिटांत फोन आला, आवाज कापत होता. मला एका शब्दाचं शुद्धलेखन विचारायचं होतं. मधल्या दोन मिनिटांत तिने मनातल्या मनात नोकरी गमावली होती. माझ्या वाक्यात चूक शोधून सापडणार नाही. चूक एवढीच की वरिष्ठाकडून प्रकाराचं नाव न देता आलेला निरोप कनिष्ठ माणूस सगळ्यात वाईट प्रकारात टाकतो.

यावरून तुमच्या रिपोर्टकडे येते. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला ‘नुसता प्रश्न’ विचारायची सोय फार थोडी असते. तुम्ही त्या सहकाऱ्याच्या वर असाल तर "झाला का?" हा तगादाच, आवाज कितीही मऊ असो. बरोबरीचे असाल तरी दिवसात दुसऱ्यांदा विचारलंत की तगादा. कारण पुढे ठेवा: "मला तो सोमवारी पुढे द्यायचाय, कुठे अडत असेल तर आत्ता सांग." आता ही चौकशी झाली, आणि "आकडे अजून आले नाहीत" म्हणायला त्याला जागा मिळाली.

नाव देताना एक पथ्य. नाव आणि माल जुळला पाहिजे. "राग मानू नकोस, पण…" हे प्रामाणिक नाव आहे, पुढे कानउघाडणी येतेय हे ते सांगतं. "मी काही सल्ला देत नाहीये" यानंतर मात्र आजवर मी सल्ल्याशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाही.

आणि कान थोडे वेळेकडेही ठेवा. २००९ मध्ये दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांची तुलना प्रसिद्ध झाली. एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, भाषांनुसार थोडा कमीजास्त, असं त्यात दिसलं. होकारापेक्षा नकाराला जास्त वेळ लागतो. "येशील ना?" यानंतर क्षणभर काहीच आलं नाही, मग "अं… हो, येते की" आलं, तर शब्द होकाराचे असले तरी उत्तर त्या क्षणात देऊन झालेलं असतं. तिथे पुन्हा विचारलं की विनंतीचा आग्रह होतो.

आता बहीण. तुम्ही लिहिलंय की तुम्ही फक्त विचारलंत. तुमचं वाक्य पुन्हा बघा: "अजून निघाली नाहीस?" माहितीच हवी होती तर "निघालीस का?" पुरेसं होतं. ‘अजून’ हा शब्द एक घड्याळ सोबत घेऊन येतो आणि ते घड्याळ तुमचं आहे. त्यात ‘नाहीस’ म्हणजे न निघणं हे गृहीतच धरलेलं, विचारलेलं नाही. तिने ते झाडाझडतीत टाकलं यात तिचा गैरसमज मला दिसत नाही. वर "मी फक्त विचारलं" म्हणून तुम्ही दोन कामं एकदम केलीत: स्वतःची कृती मागे घेतलीत आणि गैरसमज केल्याचा ठपका तिच्यावर ठेवलात. दुसऱ्यांदा ती त्यावर चिडली.

वेळ जुळवायची होती तर कारण आधी सांगा: "मी किती वाजता बाहेर पडू ते ठरवतोय, तू निघालीस का?" आणि घाईच करायची होती तर सरळ "लवकर निघ गं, मला उशीर होतोय" म्हणा. चिडायची असेल तर त्यावरही चिडेल. फक्त तेव्हा ‘मी फक्त विचारलं’ म्हणायची सोय तुमच्याकडे राहणार नाही.